अ‍ॅना रोझेनबर्ग यांची खुर्ची

अमेरिकी सैनिकाचा पगार, निवृत्तिवेतन, औषधपाणी, मुलांची शाळा, इतकेच काय, लष्करी तळावरचे किराणा दुकान, या साऱ्याचे धोरण ज्याच्या देखरेखीखाली चालते तो अधिकारी गणवेशातला नसतो. पदाचे नाव लांबलचक आहे, ‘अंडर सेक्रेटरी ऑफ डिफेन्स फॉर पर्सोनेल अँड रेडिनेस’. पेंटागॉनमध्ये मात्र नुसते ‘पी अँड आर’ म्हणतात. सुमारे तेरा लाख पूर्णवेळ सैनिक, शिवाय राखीव दले आणि लाखो मुलकी कर्मचारी, एवढा हा संसार. १९९३च्या कायद्याने हे पद उभे राहिले. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, पण सिनेटने संमती दिल्याशिवाय ती पक्की होत नाही.

पद १९९३चे असले तरी काम जुने आहे, आणि त्या कामासाठीची सिनेटची सर्वांत गाजलेली तपासणी झाली ती १९५०च्या अखेरीस. कोरियाचे युद्ध पेटले होते, माणसे कमी पडत होती. संरक्षणमंत्री जॉर्ज मार्शल यांनी मनुष्यबळाचा भार सांभाळायला न्यूयॉर्कच्या अ‍ॅना रोझेनबर्ग यांना बोलावले. बुडापेस्टमध्ये जन्मलेली, ज्यू, आणि कामगार-मालक तंटे मिटवण्यात हयात घालवलेली ही बाई. दुसऱ्या महायुद्धात युद्धकालीन मनुष्यबळ आयोगाचे प्रादेशिक काम त्यांनी पाहिले होते. सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने पसंती दिली आणि मग आरोप उसळला, की बाई कम्युनिस्ट आहेत. सिनेटर मॅकार्थींच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या भराचे दिवस होते ते. सुनावणी पुन्हा उघडली. राल्फ डी सोला नावाच्या माजी कम्युनिस्टाने समितीसमोर, प्रत्यक्ष त्यांच्याकडे पाहून, ‘याच त्या’ अशी ओळख पटवली. चौकशीअंती निघाले काय, तर कॅलिफोर्नियातली दुसरीच एक अ‍ॅना रोझेनबर्ग! समितीने एकमताने पुन्हा हिरवा कंदील दाखवला आणि डिसेंबरात सिनेटची मंजुरी मिळाली. सैन्यात गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या पलटणी मोडण्याला त्यांनी नेटाने रेटा दिला. स्त्री-सैनिकांबाबत सल्ला देणारी समिती १९५१ साली उभी राहिली तीही त्यांच्याच काळात. मला वाटते, ज्या सुनावणीने त्यांना छळले तिनेच त्यांचे नावही धुऊन काढले. बंद दाराआड नेमणूक झाली असती तर कुजबुज मागे उरलीच असती.

तपासणीचा साचा आज बराच पक्का झाला आहे. एफबीआयची चौकशी होते, मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो, संरक्षण कंत्राटदारांचे शेअर असतील तर ते विकावे लागतात. समिती आधीच लेखी प्रश्नांची चळत पाठवते. उत्तरे भरताना उमेदवाराला खात्याची खडान्खडा माहिती करून घ्यावीच लागते. मग खुली सुनावणी. समितीने बोलावले तर साक्षीला हजर राहाल ना, असा ठरावीक प्रश्न तिथे येतो आणि उत्तर होकारार्थीच द्यावे लागते. आपल्याकडे भारतात संरक्षण सचिव कोण हे मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती ठरवते. संसदेपुढे उलटतपासणी होत नाही.

गोम अशी, की ‘मुलकी जीवनातून’ नेमणूक हवी म्हणणारा कायदा निवृत्त सेनाधिकाऱ्याला अडवत नाही. क्लिफर्ड स्टॅन्ली हे मरीन दलातले निवृत्त मेजर जनरल, २०१० मध्ये या पदावर आले आणि पुढच्याच वर्षी राजीनामा देऊन गेले. उलट डेव्हिड चू हे अर्थतज्ज्ञ, २००१ पासून २००९ पर्यंत टिकले. निवृत्तांच्या सवलतींवरचा वाढता खर्च त्यांना खुपत असे आणि त्यामुळे माजी सैनिकांच्या संघटना त्यांच्यावर चिडून असत. असे अप्रिय हिशेब मांडायला मुलकी माणूसच लागतो असे मी म्हणेन. गणवेशातल्या अधिकाऱ्याला ते आपल्याच लोकांविरुद्ध मांडावे लागतात.

पण माणूस आधी खुर्चीत बसायला हवा ना! रॉबर्ट विल्की २०१८ मध्ये माजी सैनिकांच्या खात्यात गेले. त्यांच्या जागी मॅथ्यू डोनोव्हन यांना संमती मिळाली ती २०२० साली. अशा रिकाम्या काळात काम पाहणाऱ्या हंगामी अधिकाऱ्याला कायद्याने साधारण २१० दिवसांची मुदत असते. ती संपली की पदनाम नाही, फक्त ‘कर्तव्ये पार पाडणारा’. फायली त्याच, सही तीच, पण मोठ्या बदलाला हात घालायचे बळ अशा माणसात कुठून येणार?

२०२३ मध्ये तर कामाचीच गाठ संमतीशी पडली. गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जावे लागणाऱ्या सैनिकांना रजा आणि प्रवासखर्च देण्याचे धोरण फेब्रुवारीत पी अँड आरचे प्रमुख गिल सिस्नेरोस यांच्या सहीने जारी झाले. त्याच्या निषेधार्थ अलाबामाचे सिनेटर टॉमी ट्युबरव्हिल यांनी सिनेटची संमती लागणाऱ्या चारशेहून अधिक वरिष्ठ लष्करी बढत्या डिसेंबरपर्यंत रोखून धरल्या. मरीन दलाला काही महिने संमतीप्राप्त प्रमुखच नव्हता. सिस्नेरोस सप्टेंबरात गेले आणि पी अँड आरची खुर्ची २०२५च्या जुलैपर्यंत पुन्हा हंगामी हातात राहिली.

त्या जुलैत संमती मिळाली ती अँथनी टाटा या निवृत्त ब्रिगेडियर जनरलला. २०२० मध्ये याच टाटांचे नाव पेंटागॉनच्या धोरणविषयक पदासाठी आले होते. तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष ओबामांविषयीची त्यांची जुनी ट्विट बाहेर आली, सुनावणी ऐनवेळी रद्द झाली आणि नाव मागे घेतले गेले. नंतर त्यांच्याकडे तेच काम हंगामी म्हणून सोपवण्यात आले.