नीसला जायचंय? आधी महिना ठरवा!

मे महिन्यात सुट्टी मिळते, म्हणून ट्रिप मेमध्ये. दिवाळीला ऑफिस तीन-चार दिवस बंद असतं, त्याला दोन रजा जोडल्या की ट्रिप दिवाळीत. आपल्याकडे फिरायला जायचा महिना साधारण असाच ठरतो. महाबळेश्वर, गोकर्ण, फार तर थायलंडपर्यंत हे खपून जातं. नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत जाता येतं. पण पहिल्या नोकरीच्या पगारातून दोन वर्षं पैसे बाजूला टाकून तुम्ही युरोपातला समुद्र बघायला निघाला असाल, तर महिना चुकणं फार महागात पडतं. विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, सगळे पैसे भरून झालेले आणि समोर निळाशार समुद्र, पण पाणी इतकं गार की घोट्याच्या वर जायची हिंमत होत नाही! किंवा त्याहून वाईट म्हणजे चार दिवस नुसता पाऊस.

म्हणून आज एकाच शहराचा हिशेब मांडू या. ते शहर म्हणजे नीस. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यातलं, भूमध्य समुद्राच्या काठावरचं. पाठीशी आल्प्स, इटलीची हद्द तीसेक किलोमीटरवर, मोनॅको त्याहून जवळ. दुसऱ्या बाजूला साधारण तेवढ्याच अंतरावर कान. हो, तेच फिल्म फेस्टिव्हलवालं. मे २०२४ मध्ये ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’साठी आपल्या छाया कदम ज्या रेड कार्पेटवर चालल्या, ते तिथलंच. कानला जवळचा मोठा विमानतळसुद्धा नीसचाच.

सीझन उन्हाळ्याचा? नाही हो!

‘भूमध्य समुद्र’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? कडक ऊन, छत्र्या, गॉगल. पण नीसचा सीझन मुळात हिवाळ्याचा होता.

१७६३ मध्ये टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश लेखक तब्येत सुधारायला नीसला येऊन राहिला. मे महिन्यात तो चक्क समुद्रात आंघोळ करू लागला, तेव्हा गावातले लोक चकित झाले. छातीच्या दुखण्याचा माणूस आणि समुद्रात? १७६६ मध्ये त्याचं प्रवासाचं पुस्तक आलं आणि इंग्रजांना नीसची ओळख झाली. त्यानंतर श्रीमंत इंग्रज कुटुंबं यायला लागली, पण ती हिवाळ्यात. लंडनमधली थंडी आणि धुकं टाळायचं, इथल्या उन्हात बसायचं आणि उन्हाळा आला की घरी परतायचं, असा क्रम असे. त्यांनीच १८२० च्या दशकात पैसे उभे करून समुद्राकाठी फिरायला रस्ता करून घेतला. तोच आजचा ‘प्रोमनाद देझांग्ले’, म्हणजे इंग्रजांचा फिरायचा रस्ता. आज त्याची लांबी सातेक किलोमीटर आहे. आपल्या मरीन ड्राइव्हच्या जवळपास दुप्पट!

१८६४ मध्ये नीसपर्यंत रेल्वे पोचली आणि गर्दी वाढली. व्हिक्टोरिया राणी १८९० च्या दशकात ओळीने काही वर्षं इथल्या सिमिएच्या टेकडीवर मुक्कामाला यायची, तीही मार्च-एप्रिलच्या सुमाराला. तिच्यासोबत आग्र्याहून गेलेला मुन्शी अब्दुल करीमही असायचा. क्षयाने बेजार झालेल्या चेकॉव्हने १८९७-९८ चा हिवाळा इथेच काढला. उन्हाळ्यात मात्र या किनाऱ्यावरची बडी हॉटेलं कुलूप लावून बसत.

हे चित्र पालटलं १९२० च्या दशकात. शेजारच्या अँतीबमध्ये एका अमेरिकन जोडप्याने १९२३ च्या उन्हाळ्यात एक मोठं हॉटेल आपल्यासाठी उघडं ठेवायला लावलं. त्यांचे लेखक-चित्रकार मित्र तिथे जमू लागले आणि उन्हात रापलेलं अंग एकदम फॅशनेबल झालं. पुढे १९३६ मध्ये फ्रान्सने कायदा करून कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. ती लोकांनी उन्हाळ्यात घेतली आणि पुढच्या काळात समुद्रकिनारे उन्हाळ्यातच भरू लागले. २०२१ मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते मात्र ‘हिवाळी पर्यटनाचं शहर’ म्हणून.

थोडक्यात काय, तर सीझन फक्त हवामानाने ठरत नाही. कुणाला रजा कधी मिळते आणि कशाची फॅशन आहे, यावरही तो ठरतो. मग आपण दुसऱ्यांचा सीझन डोळे झाकून का घ्यायचा?

तिथला पाऊस उलटा

नीसमध्ये वर्षभरात साधारण पुण्याइतकाच पाऊस पडतो. सव्वासातशे-साडेसातशे मिलिमीटर धरा. फरक आहे तो वेळेचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो, तर तिथे जुलै हा वर्षातला सगळ्यात कोरडा महिना. उन्हाळ्यात तिथे हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे ढग फारसे तयारच होत नाहीत.

खरा पाऊस येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरून दमट हवा वर येते, उत्तरेकडून गार हवा उतरते आणि ढग पाठीमागच्या डोंगरांना अडतात. सह्याद्री जे काम कोकणात करतो, तेच तिथे आल्प्स करतो. आणि हा पाऊस नेहमी रिमझिम नसतो. ३ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री याच किनाऱ्यावर काही तासांत इतका कोसळला की कान आणि आसपासच्या भागात वीस माणसं गेली. २ ऑक्टोबर २०२० ला ‘ॲलेक्स’ वादळाने नीसच्या मागच्या खोऱ्यांमधले रस्ते, पूल आणि घरं वाहून नेली. म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुट्टीचा काळ हा नेमका तिथल्या पावसाचा काळ. ऑक्टोबरमध्ये स्वस्त तिकिटाची जाहिरात दिसली, तर आधी हे आठवा.

तुम्हाला नक्की काय हवंय?

पाण्यात उतरायचंय? मग हवेचं तापमान बघू नका, पाण्याचं बघा. समुद्र उशिरा तापतो आणि उशिराच गार होतो. नीसचं पाणी फेब्रुवारीत १३ अंशांच्या आसपास असतं. मेमध्ये ते १७-१८ पर्यंत येतं, जूनच्या मध्यावर २१, ऑगस्टमध्ये २४-२५ आणि सप्टेंबरमध्येही २३ च्या जवळपास टिकून असतं. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेल्या माणसाला १७ अंश म्हणजे माठातलं पाणी अंगावर घेतल्यासारखं वाटणार. त्यामुळे मेमधले फोटो कितीही सुंदर दिसले, तरी डुंबण्यासाठी जूनचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर हाच काळ. आणखी एक, नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही. सगळे गोल गोटे! पाण्यात घालायचे रबरी बूट सोबत न्या, नाहीतर चालताना प्रत्येक पावलाला ‘आई गं’ होईल.

मग सरळ जुलै-ऑगस्ट? थांबा. तेव्हा अख्ख्या फ्रान्सच्या शाळांना सुट्टी असते, आणि बाकीचा युरोपही रजेवर असतो. खोल्यांचे दर वर्षातले सगळ्यात चढे, किनाऱ्यावर टॉवेल टाकायलाही जागा शोधावी लागते. दिवसाचं कमाल तापमान सरासरी २७-२८ अंश. हसू आलं ना? नागपूरकरांना तर जास्तच येईल. पण स्वस्त खोल्या जुन्या इमारतींत असतात, तिथे एसी असेलच असं नाही आणि छताला पंखा तर युरोपात सहसा नसतोच. उष्णतेची लाट आली की पारा याच्या बराच वर जातो. बुकिंग करताना ‘एसी आहे का?’ हा प्रश्न नक्की विचारा.

पाण्यात नाही उतरायचं, नुसतं भटकायचंय? मग एप्रिल-मे उत्तम. हवा गोड, कॅसल हिलवर चढताना घाम निघत नाही, किनाऱ्याने जाणाऱ्या लोकल ट्रेनने अँतीब, मोनॅको, मांतों एकेका दिवसात होतात. अधूनमधून पाऊस येतो, पण मुक्काम ठोकत नाही. फक्त एक काळजी घ्या. मेमध्ये कानचा फेस्टिव्हल असतो आणि मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला मोनॅकोची फॉर्म्युला वन रेस. त्या दिवसांत नीसमधल्या खोल्याही भाव खातात. दोन्हीच्या तारखा आधी बघा आणि त्या टाळून जा.

खिशात पैसे कमी आहेत? मग जुना इंग्रजी सीझन तुमच्या कामाचा आहे. जानेवारीत दिवसा १३ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे पुण्यातली डिसेंबरची पहाट. पण आल्प्समुळे उत्तरेचा गार वारा बराच अडतो आणि आकाश पुष्कळदा स्वच्छ असतं. नववर्षाची गर्दी ओसरली की खोल्या स्वस्त होतात. तोटा एकच, दिवस लहान. डिसेंबर-जानेवारीत पाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो. फेब्रुवारीत मात्र शहर रंगात येतं. नीसच्या कार्निव्हलचा पहिला उल्लेख १२९४ चा आहे आणि आजच्या स्वरूपातला कार्निव्हल १८७३ पासूनचा. फुलांनी सजलेल्या गाड्यांवरून लोकांवर पिवळी मिमोझाची फुलं उधळली जातात. त्याच सुमाराला मांतोंमध्ये लिंबं आणि संत्र्यांचे प्रचंड देखावे उभे राहतात. हे दोन आठवडे सोडून पुढे-मागे गेलात, तर पैसे वाचतील. नेमकं हेच बघायचं असेल, तर खोली खूप आधी घ्या.

एक गोष्ट कुठल्याही महिन्यात मिळते, ती म्हणजे सोका. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल. लाकडाच्या भट्टीत मोठ्या तव्यावर भाजून वर मिरपूड. थोडक्यात, आपला बेसनाचा पोळाच! शाकाहारी मंडळींनी जुन्या शहरात गेल्यावर पहिल्यांदा हाच शोधावा.

आता आपलं कॅलेंडर

जर्मनीत मास्टर्स करणाऱ्यांचं बरं आहे. तिथली लेक्चर्स साधारण फेब्रुवारीच्या मध्यावर संपतात आणि एप्रिलच्या मध्यावर पुन्हा सुरू होतात. दुसरी मोकळीक मध्य जुलै ते ऑक्टोबर. परीक्षा सांभाळून मार्च किंवा सप्टेंबर गाठता येतो आणि तिथला रेसिडन्स परमिट असल्यामुळे फ्रान्ससाठी वेगळा व्हिसा लागत नाही.

इथून जाणाऱ्यांनी मात्र उलटी मोजणी करावी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण कधी कधी ४५ पर्यंतही जातात. उन्हाळी सुट्टीच्या आधी अपॉइंटमेंट मिळणं हीच मोठी परीक्षा असते. मेमध्ये जायचं तर डिसेंबर-जानेवारीत कामाला लागा. अर्जाला किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, तोही विसरू नका.

आणि ‘एकच महिना सांग’ असा आग्रह असेल, तर उत्तर आहे सप्टेंबर. पाणी अजून उबदार, फ्रान्समधली मुलं शाळेत परतलेली, दर उतरू लागलेले. पण आपल्याला सप्टेंबर सोपा नाही, कारण मध्ये गणपती! कधी ऑगस्टअखेर, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. विसर्जन लवकर असेल, त्या वर्षी बाप्पाला निरोप देऊन खुशाल निघा. विसर्जनच सप्टेंबरअखेर असेल, तर त्यानंतरची ट्रिप पावसाच्या तोंडावर जाते. अशा वर्षी जूनच्या मध्याचा आठवडा धरा. इथे लोकल पाण्यात अडकलेल्या असतील, ऑफिसला पोचायचीच मारामार असेल. नीसमध्ये मात्र तेव्हा रात्री सव्वानऊला सूर्य मावळतो. म्हणजे संध्याकाळी सहाला पाण्यात उतरलात, तरी हातात तीन तासांचा उजेड. तेव्हा रजेचा अर्ज टाकण्याआधी यंदाचं पंचांग आणि नीसचं हवामान, दोन्ही शेजारी ठेवून बघा.