ऑर्किडवरची कीड आणि घरातले विष

हल्ली नाशिकच्या फ्लॅटमध्येही ऑर्किडच्या कुंड्या दिसतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, की पिठ्या ढेकूण आला असे समजावे. द्राक्षबागांनाही याच कुळातली कीड छळते. म्हणून बागेतले औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून घरी आणले जाते. माझी हरकत आहे ती इथेच. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे कातडीतूनही अंगात भिनतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली, तीही उघड्या शेतात. बंद खोलीत धोका अधिकच.

उपाय सोपा आहे. कुंडी वेगळी ठेवा. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने कीड पुसा. जवळ दिवा, गॅस नको. नंतर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व थोडा पातळ साबण मिसळा. आधी एका पानावर पाहून मग संध्याकाळी फवारा. अंड्यांतून पुन्हा पिल्ले निघतात, म्हणून आठ-आठ दिवसांनी तीनदा करा. हे तेलही मुलांच्या हाती लागू देऊ नये.

विषारी औषध अंगावर सांडल्यास कपडे काढून साबणाने अंग धुवा. पोटात गेल्यास मीठपाणी पाजून उलटी करवू नका. लाळ, घाम, धाप, बारीक झालेल्या बाहुल्या ही लक्षणे. औषधाची मूळ बाटली घेऊन तडक रुग्णालय गाठा.