अडीच ग्रॅम मातीची साक्ष

शाळेची सहल कृषी विद्यापीठात जाते तेव्हा मुले ट्रॅक्टरपाशी आणि हरितगृहात रमतात. मृदशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेतून मात्र पाच मिनिटांत बाहेर पडतात, कारण तिथे पाहण्यासारखे फारसे काही दिसत नाही. सावलीत वाळत घातलेली माती, चाळण्या, काचेची चंबू-नळकांडी आणि बाटल्या हलवत राहणारे एक यंत्र. तरी खतावर किती पैसा घालावा याचा शेतकऱ्याचा निर्णय पुष्कळदा याच खोलीतून निघणाऱ्या आकड्यावर अवलंबून असतो.

एक हेक्टर शेत घेऊ. त्याचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे १,५०० घनमीटर माती. घनमीटरला दीड टन धरला, तर तिचे वजन साडेबावीस लाख किलो भरते. प्रयोगशाळेत त्यातली अर्धा किलो येते आणि उपलब्ध स्फुरद मोजण्यासाठी घेतात अवघी अडीच ग्रॅम. म्हणजे ९० कोटी भागांतल्या एका भागाने साऱ्या शेताची साक्ष द्यायची! (हे गणित मुलांकडून फळ्यावर जरूर करून घ्यावे.)

ही साक्ष खोटी ठरू नये म्हणून खरी काळजी शेतातच घ्यावी लागते. नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा खड्डा करायचा आणि त्याच्या एका बाजूची पातळ खाप वरपासून खालपर्यंत काढायची. बांधालगत, झाडाखाली किंवा शेणखताचा ढीग होता तिथे माती घ्यायची नाही. सगळी माती एकत्र कालवून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. जस्त मोजायचे असेल तर जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही चालत नाही. खताच्या रिकाम्या पिशवीतून नमुना पाठवला, तर पुढचे महागडे उपकरण त्या पिशवीचेच पृथक्करण करते.

आता ‘उपलब्ध’ या शब्दाकडे वळू. मातीत स्फुरद पुष्कळ असतो, पण बराचसा बांधलेला; मुळांना मिळतो त्यातला थोडाच. प्रयोगशाळेत मुळे नसतात, म्हणून त्यांच्या जागी एखादे द्रावण वापरावे लागते. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत कॅल्शियम स्फुरदाला धरून ठेवते. तिच्यासाठी ओल्सन यांची १९५४ सालची रीत वापरतात. ८.५ सामूच्या सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात माती अर्धा तास हलवतात. द्रावणातले कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसते आणि स्फुरद मोकळा होतो. मग मॉलिब्डेटने निळा रंग आणतात. रंग जितका गडद तितका स्फुरद जास्त.

कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत स्फुरदाला लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात. तिथे ब्रे आणि कुर्ट्झ यांचे १९४५ सालचे, अमोनियम फ्लोराइड व सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण योग्य ठरते. तेच चुनखडीच्या मातीत घातले तर आम्ल चुन्यातच खर्ची पडते. याचा प्रत्यय वर्गातही येतो. दोन्ही मातींवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फसफसते ती चुनखडीची. तेव्हा कोणत्या रीतीने काढला हे सांगितल्यावाचून स्फुरदाचा आकडा अर्धवटच असतो.

आणि रीत योग्य असली तरी खत किती घालावे हे तो आकडा आपण होऊन सांगत नाही. ते ठरते विद्यापीठाच्या शेतावर, ज्याला मी प्रयोगशाळेचीच सर्वांत मोठी खोली म्हणेन. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात (स्थापना १९६८) अशी कामे झाली आहेत. आधी एकाच शेताच्या पट्ट्यांना कमी-अधिक खत देऊन एक पीक घेतात, म्हणजे जमीन एकच, पण सुपीकता पट्ट्यागणिक वेगळी. पुढच्या हंगामात प्रत्येक पट्ट्यात लहान वाफे पाडून नत्र, स्फुरद, पालाश यांच्या निरनिराळ्या मात्रा देतात. पेरणीपूर्वी प्रत्येक वाफ्यातली माती तपासलेली असते. कापणीनंतर वाफ्यागणिक धान्य तोलतात, पिकाने किती अन्नद्रव्ये उचलली ते मोजतात, आणि त्यावरून समीकरण मांडतात: मातीत इतके असेल आणि इतके क्विंटल पीक हवे असेल, तर खत इतके घाला. हे समीकरण त्या पिकापुरते आणि त्या प्रकारच्या जमिनीपुरतेच असते. ऊस बदलून गहू घेतला, की वाफे पुन्हा पाडावे लागतात.