वीतभर मातीचे माळरान

जेजुरीहून मोरगाव-सुप्याकडे जाताना रस्त्यासाठी कापलेली एखादी दरड दिसली, तर गाडी थांबवून ती जरूर पाहावी. सगळ्यात वर गवताच्या मुळ्यांनी गच्च विणलेली तांबूस-तपकिरी माती, जेमतेम वीतभर. कुठे कुठे तर चारच बोटे. तिच्याखाली हातोडीच्या एका घावात फुटणारा पिवळट मुरूम. त्यात मधूनच कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे. आणि त्याखाली काळा कातळ. पुणे, सातारा, नगर, सोलापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातल्या माळरानांची सगळी पुंजी त्या वरच्या थरात असते.

शेतकरी या जमिनीला बरड म्हणतो, मुरमाड म्हणतो, हलकी म्हणतो. सातबाऱ्यावर ती पुष्कळदा ‘पोटखराबा’ म्हणून येते. देशपातळीवरच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही झुडपी माळ आणि विरळ झालेली कुरणे ‘पडीक’ या सदरात मोडतात. मृदाशास्त्राने दिलेले नाव मात्र निंदेचे नाही. अशा मातीला ‘लिथिक उस्टॉर्थेंट’ म्हणतात. उच्चार जड आहे, पण फोड सोपी आहे. ‘लिथिक’ म्हणजे खाली लगेच खडक. ‘उस्ट’ हे ‘भाजलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले. पावसाळ्यात ओल मिळणारी, पण वर्षाचा मोठा काळ कोरडी राहणारी माती. ‘ऑर्थ’ म्हणजे त्या गटातली नेहमीची. आणि शेवटचे ‘एंट’ ही ‘रिसेंट’ या शब्दाची शेपटी, म्हणजे नवी, अजून नीट थर न पडलेली.

खडक साडेसहा कोटी वर्षांचा आणि माती नवी, हे कसे? उत्तर उतारात आहे. दख्खनचा बेसॉल्ट उन्हातान्हात, पावसात कुजतो आणि त्याचा मुरूम, मुरमाची माती होते. पण उंचवट्यावर ती साठत नाही. बारीक कण पाण्याबरोबर खाली सरकतात आणि भीमा, नीरा, सीना यांच्या खोऱ्यांत वर्षानुवर्षे थरावर थर चढतात. खोलवर भेगाळणारी ती काळी जमीन आणि माथ्यावरचा बरड माळ ही एकाच दगडाची लेकरे. एकाला वाटा मिळत गेला, दुसऱ्याचा वाहून गेला.

फरक पडतो तो पाण्याच्या साठ्यात. मीटरभर खोल काळी जमीन पिकाच्या उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. मालदांडी ज्वारी थंडीत जवळजवळ बिनपावसाची उभी राहते ती या ओलीवर. वीतभर आणि त्यातही खडे मिसळलेल्या मातीत हाच साठा वीस-तीस मिलिमीटरच्या घरात राहतो. पावसाची उघडीप पडली की ऊन, वारा आणि झाडोरा मिळून रोज चार-पाच मिलिमीटर पाणी सहज उडवतात. म्हणजे आठवड्याची शिदोरी. या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो (शंभर किलोमीटरही लांब नसलेल्या महाबळेश्वरात तो साडेपाच हजारांच्या वर जातो) आणि तोही मोजक्या सरींत, मध्ये दोन-दोन, तीन-तीन आठवड्यांचे खंड पाडत. बाजरी अशा खंडात माना टाकते.

गवत टाकत नाही. पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी यांसारखी बहुवर्षायु गवते खंड पडला की वाढ थांबवतात, पाती वाळू देतात आणि जीव जमिनीलगतच्या ठोंबात राखून ठेवतात. मुळ्या मुरमाच्या फटींतून खाली उतरलेल्या असतात. एक सर पडली की चार दिवसांत माळ पुन्हा हिरवा. वरचे पिवळे गवत गुरांनी खाल्ले किंवा वणव्यात जळाले तरी गवताचा मोठा हिस्सा जमिनीखाली सुखरूप असतो. तिथेच तो कुजतो आणि मातीत कार्बन साठवतो. दख्खनच्या मातीत पालाश बहुधा पुरेसे असते; नत्र आणि स्फुरद मात्र कमी. सेंद्रिय पदार्थाची जी थोडीफार भर पडते, ती याच मुळ्यांची आणि मेंढ्यांच्या लेंड्यांची.

कुसळी गवताची तर गोष्टच वेगळी. दिवाळीच्या सुमारास माळावर फिरलेल्या प्रत्येकाच्या मोज्यांत हे कुसळ घुसलेले असते. त्याची लांब शेपटी कोरडी असताना दोरीसारखा पीळ घेते आणि दव पडले की तो पीळ उलगडते. दिवसा पीळ, रात्री उलगडा, असे करत बी स्वतःला गिरमिटासारखे जमिनीत घालते. टोकावरचे उलटे केस ते मागे फिरू देत नाहीत. दडस, खडेमिश्रित मातीत रुजण्यासाठी बियाण्याला यापेक्षा चांगले अवजार सुचवता येणार नाही. मेंढपाळ मात्र कुसळ धरण्याआधीच ते गवत चारून घेतात, कारण नंतर ते मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत शिरते.

गवत उपटले की काय होते, हे वळवाच्या पहिल्या पावसात कळते. उघड्या मातीवर थेंब आपटतात, मातीचे कण फुटतात, बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि वर पापडी धरते. मग पाणी मुरत नाही, वाहते. एक हेक्टरवरून फक्त एक मिलिमीटर माती गेली, तर ती सुमारे तेरा टन भरते. काळ्या खोल जमिनीला हे नुकसान काही काळ जाणवणारही नाही. ज्याच्याकडे वीतभरच आहे त्याच्यासाठी तो मुदलातला घाटा आहे. खडकापासून सेंटिमीटरभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. पृष्ठभागावर विखुरलेले दगडगोटेही इथे कामाचे असतात. थेंबांचा मार ते झेलतात आणि खालची ओल जपतात. माळ ‘साफ’ करताना पहिल्यांदा तेच वेचले जातात.

आणि माळ साफ करण्याची हौस सध्या दांडगी आहे. जेसीबीने दिवसाला कितीतरी एकर उलथता येतात. हिरवाई वाढवण्याच्या चांगल्या हेतूनेही हेच घडते. उतारावर ओळीने चर खणले जातात, चरातला मुरूम बाहेर येऊन सुपीक थरावर पसरतो आणि वर गिरिपुष्पासारखी बाहेरची, झपाट्याने वाढणारी झाडे लावली जातात. झाड जगले तर सावलीत ऊन मागणारे गवत मरते. न जगले तर खड्डे उरतात. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल यांना उघडा माळच लागतो. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य झाले. एके काळी दख्खनच्या माळांवर नेहमी दिसणारा हा पक्षी आज तिथे दिसला तरी बातमी होते. जिथे झाड कधी नव्हतेच, तिथे झाड लावणे म्हणजे जंगल परत आणणे नव्हे.

माळावर काही पिकूच नये, असा याचा अर्थ नाही. सांगोल्याचे डाळिंब, सासवडकडचे सीताफळ आणि अंजीर मुरमाड जमिनीतच नाव काढून आहेत, कारण तिथे पाणी साचून मुळे कुजत नाहीत. पण त्यातल्या कित्येक बागा आणून टाकलेल्या मातीवर, शेणखतावर आणि ठिबकवर उभ्या आहेत. तलावातला गाळ पसरून बरड जमीन सुधारणारेही आहेत. ज्याच्याकडे गाळ आहे, पाणी आहे आणि ते टिकवायची ऐपत आहे, त्याचे गणित बसते. विहीर आटल्यावर बाग सोडून दिलेल्या माळाचे काय होते, ते मात्र हिशेबात धरले जात नाही.

मेंढपाळांच्या वाट्याला यातून अडचण येते. धनगरांचे अनेक वाडे पावसाळ्यात या माळांवर असतात आणि दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात. तिकडच्या शेतात मेंढरे बसवली की लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. माळ कमी झाला की तेवढीच मेंढरे उरलेल्या तुकड्यावर दाटतात, पवन्या-मारवेल कुरतडून संपतात आणि त्यांच्या जागी दोन महिन्यांत वाळणारी हलकी गवते येतात. मग चराईला दोष दिला जातो.

माळ कुठल्या अवस्थेत आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याची एक बाटली घ्यावी, अर्धी गवताच्या ठोंबाशी ओतावी, अर्धी दोन ठोंबांमधल्या उघड्या जागेवर. ठोंबाशी पाणी बघता बघता जिरते. उघड्या जागी ते आधी चमकत राहते, मग उताराला लागते. चांगल्या माळावर दोन ठोंबांमधले हे अंतर पाऊलभर असते. नांगरून सोडून दिलेल्या माळावर ते कित्येक पावलांचे होते आणि पवन्याचा पहिला ठोंब परत दिसायला पुष्कळ पावसाळे जावे लागतात.