जुन्या रायफलीचे मूळ रूप कोणते?

दुसरे महायुद्ध संपले आणि ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांच्या शस्त्रागारांत नको असलेल्या रायफलींचे ढीग साचले. त्या वितळवण्यापेक्षा विकून टाकणे सरकारांना सोयीचे वाटले. शेतकऱ्याला आणि शिकाऱ्याला अगदी स्वस्तात भक्कम हत्यार मिळू लागले. मात्र खंदकातील सैनिकासाठी घडवलेली ही रायफल रानोमाळ हिंडणाऱ्याला जड आणि लांब वाटे. मग घरोघरी करवती चालल्या. नळीवरचे लाकडी आवरण निघाले, पुढचे लाकूड अर्ध्यावर कापले गेले, संगीन बसवण्याची पोलादी टोपी भंगारात गेली. अशा रीतीने लाखो लष्करी रायफलींच्या शिकारी बंदुका झाल्या.

आज चित्र उलटले आहे. त्या काळी कवडीमोल असलेली लष्करी रायफल आता इतिहासाचा दस्तऐवज मानली जाते आणि कापलेल्या रायफलींना पुन्हा मूळ रूप देण्याचा छंद या देशांत जोपासला जातो. वरवर पाहता हे सुतारकाम आणि लोहारकाम आहे. प्रत्यक्षात मात्र त्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्याला आपण ‘मूळ रूप’ म्हणतो, ते नेमके कोणत्या दिवसाचे?

थ्री नॉट थ्रीची घडण

या चर्चेसाठी ली-एन्फिल्डइतके योग्य उदाहरण नाही. आपल्याकडे ही रायफल ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने सर्वांना ठाऊक आहे; ते नाव नळीच्या ०.३०३ इंच मापावरून आलेले. जेम्स पॅरिस ली या संशोधकाने सिद्ध केलेली बोल्ट आणि मॅगझिनची रचना, आणि लंडनजवळील एन्फिल्ड येथील सरकारी कारखाना, या दोहोंवरून तिचे मूळ नाव पडले. तिचा ‘मार्क तीन’ हा गाजलेला प्रकार १९०७ मध्ये लष्करात दाखल झाला. सुमारे ४ किलो वजन, २५ इंचांहून किंचित लांब नळी आणि १० काडतुसांचे मॅगझिन, असा तिचा थाट. इंग्लंडबरोबरच ऑस्ट्रेलियातील लिथगो आणि बंगालमधील इशापूर येथेही ती बनत असे. तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकी येथील कारखान्यातही तयार होत. पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्या पिढीच्या सैनिकांची ओळख याच घराण्यातील रायफलींशी होती.

या रायफलीचे वैशिष्ट्य असे, की तिची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात झाकलेली असते. हे लाकूड शोभेचे नव्हे. गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का पोलादी सांगाड्याकडून पुढच्या लाकडातील दोन लहानशा पृष्ठभागांवर येतो. नळीच्या खाली, लाकडाच्या आत, स्प्रिंगवर बसवलेली एक छोटी खुंटी असते. ती नळीला वरच्या दिशेने ठरावीक दाब देते. रायफलीची अचूकता या दाबावर बरीच अवलंबून असते. म्हणूनच ‘जास्तीचे लाकूड’ समजून शिकाऱ्याने जे कापून टाकले, तो खरे तर यंत्राचाच एक भाग होता.

आधी वाचन, मग हत्यार

जाणकार कारागीर कामाला हात घालण्यापूर्वी रायफल ‘वाचतो’. दस्ता जिथे सांगाड्याला मिळतो, त्या पोलादी खोबणीच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि प्रकार कोरलेला असतो. इशापूरच्या ब्रिटिशकालीन रायफलींवर ‘जी. आर. आय.’ ही अक्षरे दिसतात. राजा जॉर्ज हा हिंदुस्थानचा सम्राट असल्याची ती खूण. सरकारी मालकीचा ठसा म्हणजे बाणाचे टोक. दोन बाण टोकाला टोक लावून उमटलेले असतील, तर ती रायफल सरकारने रीतसर विकली होती असे समजावे. सांगाडा, बोल्ट, नळी, संगिनीची टोपी आणि पुढचे लाकूड या साऱ्यांवर एकच अनुक्रमांक असेल, तर हे सगळे भाग एकत्रच नांदलेले आहेत.

यानंतर पाहायची ती नळी. ती शाबूत असेल तर बाकी सर्व सुटे भाग जुन्या बाजारात शोधून जमवता येतात. नळीच कापलेली असेल तर मात्र दुसरी नळी बसवावी लागते आणि काम छंदाच्या कक्षेबाहेर जाते. काडतूस नळीत बसल्यावर त्याची कड आणि बोल्टचे तोंड यांत किती जागा उरते, हे प्रमाणित मापकाने तपासावे लागते. ही जागा मर्यादेपेक्षा वाढली तर काडतुसाचे पितळ फाटून तप्त वायू थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतात. ब्रिटनमध्ये नळी बदललेली बंदूक विकण्यापूर्वी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहात जादा दाबाच्या काडतुसाने तपासून तिच्यावर नवा ठसा घ्यावा लागतो. दिसायला सुंदर पण उडवायला घातक अशी रायफल तयार करणे फारसे कठीण नाही, हे या नियमामागचे कारण होय.

लाकडाशी संयम

रायफल उघडण्याचाही एक क्रम आहे. दस्ता आतल्या लांब बोल्टने कसलेला असतो आणि त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील एका पट्टीत अडकलेले असते. त्यामुळे आधी पुढचे लाकूड उतरवायचे, मगच दस्ता सोडवायचा. हा क्रम चुकवून कोणी थेट दस्त्याचा बोल्ट फिरवला, तर पुढचे लाकूड चिरते. आज बाजारात सापडणाऱ्या अनेक चिरलेल्या लाकडांचे मूळ या एका घाईत आहे.

नवे किंवा दुसऱ्या रायफलीचे लाकूड बसवताना धक्का झेलणारे ते दोन पृष्ठभाग सांगाड्याला सारखे टेकले पाहिजेत. एका बाजूला पोकळी राहिली तर काही गोळ्यांतच लाकूड फुटते. धातूला काजळीसारखा रंग लावून, तो लाकडाला कुठे लागतो ते पाहत, कणाकणाने लाकूड खरवडत किंवा पातळ ठिगळ जोडत हे काम चालते. लाकूडही त्या त्या कारखान्याचे हवे. इंग्लंडच्या रायफलींना अक्रोड, तर लिथगोच्या नंतरच्या रायफलींना क्वीन्सलँड मॅपल आणि कोचवूड ही ऑस्ट्रेलियन लाकडे शोभतात. इशापूरच्या अनेक रायफलींत मजबुतीसाठी पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घातलेला आढळतो. तो ‘कुरूप’ म्हणून काढून टाकणारा मनुष्य खूणच पुसत असतो.

स्वच्छता हा तर मोहाचा विषय. पॉलिश कागदाने लाकूड घासले की ते चकाकते खरे, पण तपासनिसांचे बारीक ठसे कायमचे जातात आणि लाकूड धातूच्या कडेपेक्षा खाली बसते. त्याऐवजी पोचे आलेल्या जागी ओले फडके ठेवून गरम इस्त्रीची वाफ द्यावी, वर्षानुवर्षे मुरलेले काळे तेल खडूच्या भुकटीने शोषून घ्यावे आणि शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात चोळावेत, अशी रीत आहे. व्हार्निश निषिद्ध. लष्करी कारागिराने लाकडात बसवलेले जुने ठिगळ किंवा पितळी खिळा तसाच ठेवायचा, कारण तो रायफलीच्या नोकरीचा पुरावा असतो.

कोणता दिवस मूळ मानायचा?

इथे आपण सुरुवातीच्या प्रश्नाशी येतो. १९०७ च्या रायफलीला मॅगझिन झाकणारी एक सरकती पट्टी होती. ती लावली की सैनिकाने एकेक काडतूस हाताने भरायचे आणि मॅगझिनमधील दहा राखून ठेवायची. डाव्या बाजूला दूरच्या जमावावर सामुदायिक गोळीबार करण्यासाठी वेगळी नेम-तबकडी होती. खंदकांच्या युद्धात हे दोन्ही निरुपयोगी ठरले. उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी १९१६ मध्ये ‘मार्क तीन स्टार’ हा सुटसुटीत प्रकार आला आणि त्यातून हे भाग गाळले गेले. पुढे दुरुस्तीला आलेल्या जुन्या रायफलींवरूनही ते काढले गेले.

तेव्हा १९१२ ची एखादी रायफल कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाच्या रूपात आणायची, की १९१८ मध्ये सैनिकाच्या हातात होती त्या रूपात? दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात. पण १९१७ च्या ‘स्टार’ रायफलीला केवळ देखणी दिसते म्हणून ती तबकडी लावली, तर अस्तित्वातच नसलेले रूप आपण जन्माला घालतो. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी सनद संमत झाली, तिने अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे असे तत्त्व सांगितले. ते मंदिर-किल्ल्यांइतकेच रायफलीलाही लागू पडते.

हिंदुस्थानातील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इशापूरने अनेक लष्करी रायफलींची नळी आतून गुळगुळीत व रुंद करून ‘४१०’ मापाच्या मस्केट तयार केल्या. त्या पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी होत्या. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच काडतूस, पल्ला तोकडा. ज्यांच्या हाती शस्त्र द्यायचे त्यांच्यावर पुरता विश्वास नसलेल्या राजवटीची ही निर्मिती. अशा मस्केटला नवी नळी बसवून कोणी पुन्हा ‘थ्री नॉट थ्री’ केली, तर तिचे रूप पालटेल. पण त्या अविश्वासाचा लोखंडी पुरावा नाहीसा होईल. शेतकऱ्याने कापलेली रायफल आणि सरकारने बदललेली रायफल यांत हा फरक आहे. पहिलीतील बदल ही मोडतोड असू शकते, दुसरीतील बदल हाच इतिहास असतो.

प्रामाणिकपणाची शेवटची कसोटी अनुक्रमांकाची. नव्याने बसवलेल्या लाकडावर जुना क्रमांक ठोकला की सगळे भाग ‘जुळतात’ आणि किंमत चढते. पण तेथे जीर्णोद्धार संपून बनावटगिरी सुरू होते. काय बदलले, कोणता भाग कुठून आला, याची नोंद रायफलीबरोबर ठेवणे हाच सभ्य मार्ग होय.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

हे सारे वाचून कोणाला आजोबांच्या काळातील बंदूक आठवली, तर आधी कायदा आठवावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदुकीत बदल करणे तर सोडाच, तिची व्यवसाय म्हणून दुरुस्ती वा चाचणी करणेही गुन्हा आहे. ‘३०३’ हे लष्करी माप सामान्य नागरिकाला प्रतिबंधित असल्यानेच नागरी परवानाधारकांसाठी ‘३१५’ मापाची रायफल बनू लागली. तिची यंत्रणा ली-एन्फिल्डच्याच धर्तीची. अशा रायफलीला ‘मूळ’ थ्री नॉट थ्री करण्याचा विचार आपल्याकडे छंद ठरत नाही, तो सरळ अपराध ठरतो. परवानाधारकाच्या निधनानंतर वारसांनी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, अशी तरतूद आहे. दुरुस्त करूनही जे उडवता येणार नाही अशा पुरातन शस्त्राला याच कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे. परंतु आपले शस्त्र त्यात बसते की नाही, हे आपण घरी बसून ठरवायचे नसते.

ही रायफल आपल्याकडे संग्रहालयाची वस्तू फार उशिरा झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अत्याधुनिक रायफलींनी सज्ज दहशतवाद्यांसमोर पोलिसांच्या हाती हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. शतकाहून अधिक काळ राबलेल्या वस्तूचे एकच एक मूळ रूप नसते. तिच्या अनेक रूपांपैकी कोणते जपायचे हे ठरवताना, बाकीची रूपे पुसली जाणार नाहीत एवढी काळजी घेणारा कारागीरच तिला खऱ्या अर्थाने जपत असतो.