चतुर आणि टाचणी

वैशाखाच्या उन्हात ओढे आटतात आणि माळावरील गवत करपून जाते. परंतु जेथे थोडे पाणी टिकून असते, अशा तळ्याच्या वा डोहाच्या काठी दोन प्रकारचे चपळ कीटक आढळतात. एक चतुर आणि दुसरी टाचणी.

हे दोन्ही कीटक एकाच गणातील होत. तरी त्यांस वेगळे ओळखणे कठीण नाही. चतुराचे शरीर दणकट असते. बसताना तो आपले चारही पंख विमानाच्या पंखांप्रमाणे पसरून ठेवतो. त्याचे मागचे पंख पुढच्या पंखांपेक्षा अधिक रुंद असतात आणि टपोरे डोळे बहुधा माथ्यावर एकमेकांस भिडलेले असतात. टाचणी नावाप्रमाणेच सडपातळ असते. तिचे चारही पंख जवळजवळ सारखे असून बसताना ती ते बहुधा पाठीवर मिटून घेते. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस, एकमेकांपासून दूर असतात.

जात ओळखण्यास मात्र अधिक बारीक दृष्टी लागते. ‘क्रोकोथेमिस सर्व्हिलिया’ ह्या चतुराचा पूर्ण वाढलेला नर लालभडक, तर मादी पिवळसर असते. कोवळा नरही पिवळसरच असतो. केवळ रंगावर विसंबणारा मनुष्य ह्या एका जातीच्या दोन जाती मानील! म्हणून छातीवरील पट्टे, पंखांवरील शिरांची जाळी आणि लांबट उदराचे टोक हीही पाहावी लागतात.

पूर्वी अभ्यासक हे कीटक जाळ्यात पकडून, मारून जपून ठेवीत. फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टराने भारतातील चतुर व टाचण्या ह्यांची वर्णने १९३३ ते १९३६ ह्या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केली. परंतु मेलेल्या कीटकाचे रंग, विशेषतः डोळ्यांचे रंग, लवकर फिके पडतात. छायाचित्रात ते जिवंतपणीचेच राहतात आणि कीटकासही इजा होत नाही.

छायाचित्र घेण्यास सकाळची वेळ उत्तम. गारव्यामुळे कीटक तेव्हा मंद असतो. त्याच्याकडे सावकाश जावे. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. तो उडालाच, तर जागा न सोडता थांबावे. पुष्कळ चतुर पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. एक चित्र वरून व एक बाजूने घ्यावे. भर दुपारी काही चतुर उदराचे टोक सूर्याकडे रोखून जणू शीर्षासन करतात. त्यामुळे अंगावर ऊन कमी पडते.

चतुर व टाचणी ह्यांची पिले पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. तळे बुजले किंवा त्यात विषारी सांडपाणी मिसळले, की पिले मरतात आणि काठावरचे चतुरही नाहीसे होतात. म्हणून प्रत्येक छायाचित्राखाली स्थळ व दिनांक लिहावा. अशी चित्रे वर्षानुवर्षे जमली, म्हणजे त्या तळ्यावर कोण टिकले आणि कोण नाहीसे झाले, हे गावाला वेळीच कळू शकते.