माद्रिदहून बार्सिलोनाला एक फोन

17 ऑगस्ट 2011. बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर स्पॅनिश सुपर कपचा सामना संपत आला होता. रेआल माद्रिदच्या मार्सेलोने सेस्क फाब्रेगासला आडवं केलं आणि दोन्ही संघांचे राखीव खेळाडूसुद्धा मैदानात धावले. त्या झोंबाझोंबीत माद्रिदचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांनी बार्सिलोनाचे सहप्रशिक्षक टिटो विलानोवा यांच्या डोळ्यात बोट खुपसलं. तिघांना लाल कार्ड मिळालं. सामना बार्सिलोनाने 3-2 असा जिंकला, हे आज आठवूनच सांगावं लागतं. बोट मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे.

त्यानंतर माद्रिदचा कर्णधार इकर कासियास याने बार्सिलोनाच्या झावी आणि पुयोलला फोन केला. झालं ते वाईट झालं, आता मिटवू या, एवढाच त्या फोनचा मतलब. मित्रामित्रांमधली साधी गोष्ट. माद्रिदच्या कट्टर चाहत्यांना ती फितुरी वाटली.

त्यांना तसं का वाटलं, हे या वैराच्या मुळाशी गेल्याशिवाय उमगत नाही. 1936 साली यादवी युद्धात बार्सिलोना क्लबचे अध्यक्ष जोसेप सुन्योल यांना फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घालून ठार केलं. पुढे फ्रँकोच्या राजवटीत कॅटलान भाषेची गळचेपी झाली. क्लबचं नावसुद्धा स्पॅनिश वळणाचं करावं लागलं. 1943च्या चषकात माद्रिदने बार्सिलोनाला 11-1 असं हरवलं, त्या सामन्यातल्या दहशतीच्या कहाण्या कॅटलान घरांत अजून सांगितल्या जातात. 1953 साली दी स्तेफानो या खेळाडूवरून झालेली ओढाताण, तो अखेर माद्रिदला मिळणं, हे त्यावरचं मीठ. 2000 साली लुईस फिगो बार्सिलोना सोडून थेट माद्रिदला गेला. 2002च्या नोव्हेंबरमध्ये तो कॅम्प नोऊवर कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा प्रेक्षकांतून बाटल्या आल्या आणि चक्क डुकराचं मुंडकंही आलं. खेळ थांबवावा लागला.

झावी आणि कासियास यांची ओळख या सगळ्याच्या बाहेर झाली. 1999 साली नायजेरियात वीस वर्षांखालील विश्वचषक स्पेनने जिंकला, त्या संघात दोघे होते. बार्सिलोनाजवळच्या तेरासाचा एक, माद्रिदला खेटून असलेल्या मोस्तोलेसचा दुसरा. परक्या देशात, पोरवयात एकत्र राहिलं की कोण कुठल्या क्लबचा हे मागे पडतं. 2010च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरलेल्या स्पेनच्या अकरांत बार्सिलोनाचे सहा आणि माद्रिदचे तीन होते. दाविद विया नुकताच बार्सिलोनाने घेतला होता. एका ड्रेसिंग रूममध्ये एवढं वैर कोंबून विश्वचषक जिंकता येतो, तो या दोघांसारख्यांच्या जिवावर, असं माझं मत आहे.

मोरिन्यो माद्रिदला आले त्याच वर्षी. 2011च्या एप्रिल-मेमध्ये या दोन क्लबांची 18 दिवसांत चार वेळा गाठ पडली: लीगमध्ये बरोबरी, राजाच्या चषकात माद्रिदची सरशी, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाची. रोज नवा आरोप, नवी कुरबूर. राष्ट्रीय संघातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होत चालली होती. ऑगस्टचा तो फोन या पार्श्वभूमीवर पाहिला तर कासियासने कर्णधाराचं कामच केलं, आणि तेही स्वतःच्या क्लबमधल्या वाऱ्याविरुद्ध. 2012च्या जुलैत कीव्हला इटलीला 4-0 हरवून स्पेनने युरो पुन्हा जिंकला. त्याच ऑक्टोबरमध्ये ओविएदोला दोघांनी क्रीडा विभागाचा प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार एकत्र स्वीकारला. निवड समितीने गौरव केला तो वैरापलीकडच्या मैत्रीचा.

दोन महिन्यांनी, मालागाच्या सामन्यात, मोरिन्योंनी कासियासला बाकावर बसवलं. कारण खेळाचं, असं ते म्हणाले. पण ड्रेसिंग रूममधल्या बातम्या तोच बाहेर फोडतो अशी कुजबुज चाहत्यांत पसरली आणि ‘तोपो’, म्हणजे घरभेदी, हा शिक्का त्याला चिकटला. नवव्या वर्षी क्लबमध्ये आलेल्या आणि 725 सामने खेळलेल्या या गोलरक्षकाला घरच्याच बर्नाबेऊवर शिट्ट्या ऐकाव्या लागल्या. 2015च्या जुलैत पोर्टोला जाताना निरोपाच्या पत्रकार परिषदेत तो एकटा बसला होता आणि रडत होता. झावीने त्याच उन्हाळ्यात तीन चषक जिंकून, टाळ्यांच्या गजरात बार्सिलोना सोडलं. मैत्री दोघांची, बिल एकाच्या नावावर फाटलं.

चाहते सगळेच असे नसतात, हेही नोंदवलं पाहिजे. 2005 साली रोनाल्डिन्योचा खेळ पाहून याच बर्नाबेऊवर माद्रिदवाल्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. 2015 साली इनिएस्तालाही वाजवल्या. प्रतिस्पर्ध्याचं कौतुक त्यांना जमतं. आपल्यातल्याने त्याला मित्र म्हणणं जमत नाही.

5 सप्टेंबर 2015 रोजी स्पेनचा संघ स्लोव्हाकियाशी खेळला. बार्सिलोनाचा जेरार्ड पिके माद्रिदची टिंगल करतो म्हणून, अंगात स्पेनचाच शर्ट असताना, त्याच्या पायाशी चेंडू आला की प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. सामना ओविएदोला होता.